वजूचं पाणी आणि पूजाचं रोप

समजा, तुमच्यासमोर एक सक्युलंट आहे. गुलाबाच्या फुलासारखी रचलेली जाड, निळसर पानं. त्यातलं एक चिमटीत धरा आणि हलकेच डावीउजवीकडे हलवा. ओढू नका. पान बुडापासून अखंड सुटलं पाहिजे, कारण नवा कोंब तिथूनच फुटतो. बूड फाटलं की पान वाया. आता समजा, हे रोप तुमचं नाही, आणि ते खालून सडत चाललंय.

देवळाली कॅम्पातल्या खुर्शीदाभाभींनी आयुष्यातलं पहिलं पान सोडवलं ते अशाच अवस्थेत.

रोप शेजारच्या पूजाचं. तिचा नवरा तोफखान्यात, त्याची बदली जोधपूरला झाली. सामानाच्या ट्रकात रोप टिकणार नाही म्हणून ती ते ठेवून गेली. "भाभी, दिवाळीच्या सुट्टीत येऊन नेईन हं. लग्नानंतरच्या पहिल्या क्वार्टरपासून सोबत आहे माझ्या." भाभींनी शब्द दिला.

शब्द देताना त्यांनी सासऱ्यांना, म्हणजे जमीलचाचांना, हिशेबात धरलं नव्हतं. नमाजाआधी वजू करून हातपाय-तोंड धुतलं की लोट्यात उरलेलं पाणी चाचा मोरीत ओतत नाहीत, झाडाला घालतात. दारातली मेंदी आणि पुदिना त्याच पाण्यावर वाढलाय. पूजाची कुंडी त्याच रांगेत आली.

"अब्बा, याला पाणी नको होतं!"

"झाड म्हटलं की तहान आलीच."

"याच्या पानांतच पाणी असतं."

"मग उंटच सांभाळायला घ्यायचा होतास!"

शेंड्याची थोडी पानं धड होती. भाभींनी ती सोडवून सावलीत वर्तमानपत्रावर पसरली. जखमेवर पापुद्रा धरेपर्यंत माती नाही, पाणी नाही. दुसऱ्या दिवशी चाचा कुणी न सांगता विटांचे तुकडे फोडायला बसले. चाळणीतून मसुराएवढे खडे काढून भाभींपुढे ठेवले. "पाणी थांबणार नाही यात," एवढंच म्हणाले.

ते खडे जाड वाळूत मिसळून भाभींनी बुडाला भोकं पाडलेले चहाचे कप भरले आणि पानं वर नुसती टेकवली. काही काळी पडली, काही सुकून कागद झाली. शेवटी दोन उरली. दोन्हींना गुलाबी मुळं फुटली. एकाच्या बुडाशी मोहरीएवढा कोंब आला आणि दिवाळीपर्यंत त्याचं शर्टाच्या बटणाएवढं रोप झालं. दुसरं होतं तसंच राहिलं.

पूजा आली. कसं सांगायचं ते भाभींनी मनात जुळवून ठेवलं होतं, पण चाचाच आधी बोलले, "बेटी, तुझं झाड मी मारलं. पाणी घालून घालून."

भाभींनी कोंबाचा कप पुढे केला, पूजा त्यावर वाकली. मग म्हणाली, "कमाल आहे चाचा! तिकडे आम्ही टँकरची वाट बघतो, आणि तुम्ही इथे झाड बुडवून मारलंत!"

पण कप तिनं मांडीवर घेतला तो निघेपर्यंत खाली ठेवला नाही.

दुसरा कप अजून खिडकीत आहे. चाचांचा लोटा त्याच्यापासून लांबून जातो. पान हिरवं आहे, मुळं वाळूत घट्ट आहेत. त्याचं बूड फाटलं नव्हतं, हे भाभींनी तेव्हाच निरखून पाहिलं होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारतात, मलाही विचारलं: झाड तेच, वाळू तीच, खिडकीही तीच, मग यालाच कोंब का फुटत नाही?