उपास सोडून

माझं पोट लोकांच्या बीपीवर चालतं. उचगावला आमच्या ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचते आणि विम्याच्या बिलासाठी प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावते. बीपी आटोक्यात का नाही, त्याचेही कोड आहेत. गोळी विसरला, परवडली नाही, मुद्दाम घेतली नाही. डॉक्टरनं लिहिलं असेल तेवढंच धरायचं, आपली अक्कल पाजळायची नाही.

इकडे मंगळवार पेठेत, घरी, आईचं बीपी कशालाच दाद देत नव्हतं. तिचे डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "गोळ्या चालू आहेत ना?"

आई ठसक्यात सांगायची, "व्हय की! एक बी चुकवत न्हाई."

ते 'आटोक्यात नाही' असं लिहायचे आणि गोळी वाढवायचे. मी मिठावरून तिच्याशी भांडायचे, लोणच्याची बरणी माळ्यावर टाकायचे.

गेल्या श्रावणात एका सोमवारी भांडी घासता घासता ती कलंडली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मोठ्या दवाखान्यात नव्या डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. वडील म्हणाले, "रोज घेती की. उपास सोडून."

"उपासाला का नाही?"

"जेवल्यावर घ्या म्हटलंय न्हवं? उपासाला जेवणच न्हाई, मग गोळी कशी घ्यायची?"

सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. खिचडी पोटभर खाल्ली तरी तो फराळ, जेवण नव्हे, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. तिच्या डॉक्टरांच्या घरीही उपास होत असणारच. पण कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नव्या डॉक्टरांनी लिहिलं, 'औषधे नियमित घेत नव्हत्या.' माझं डोकंच फिरलं. या वाक्याचा कोड मला पाठ आहे. सांगितलेलं शब्दन् शब्द पाळणाऱ्या बाईच्या नावावर तो बसणार होता. मी म्हटलं, "डॉक्टर, कारणही लिहा की." ते म्हणाले, "आता त्यानं काय फरक पडणार आहे?" आणि पुढच्या खाटेकडं गेले.

आता आई घरी आहे. गोळी मी कुटून, वाटीत पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून देते. वार कोणता, ते तिला अजून बरोबर कळतं. शनिवारी वाटी दिसली, की ती डाव्या हातानं नळी घट्ट आवळते आणि देव्हाऱ्याकडं बघत रडते. "तुझा उपास मी धरलाय गं," असं मी तिच्या कानाशी सांगते. खरंच धरलाय. तरी ती नळी सोडत नाही. मग मी तिचं एकेक बोट सोडवते.