अजितच्या गाडीची चावी

तळोद्यात इद्रिस मिस्त्रीला सगळे ‘सवेरावाला’ म्हणत. सवेरा ही मधल्या आकाराची, लांब डिकीची गाडी निघाली तेव्हा तो नुकता मिस्त्री झाला होता. पुढं ती बदलत गेली, तसा तिच्यामागं तोही शिकत गेला. पहिल्या सवेराला कार्बोरेटर होता. हिवाळ्यात चोक ओढून, चार शिव्या घालून ती सुरू व्हायची. मग इंजेक्शन आलं. मग नाक गोल झालं, मागचे दिवे सरकले, आणि जुनीचं दार नवीला बसेनासं झालं. त्यानंतर कंपनीनं डॅशबोर्डखाली एक काळी डबी बसवली. मिस्त्री लोक तिला गाडीचा मेंदू म्हणत. तो फक्त स्वतःची चावी ओळखायचा. दुसरी लावली की गाडी मुकी. हा मेंदू दोनच वर्षं चालला. पुढं तोही बदलला आणि शेवटी सवेरा निघणंच बंद झालं. इद्रिसची स्वतःची गाडी नेमकी त्या दोन वर्षांतली.

त्याच गाडीतून तो आपल्या मुलीला, सदफला, डायलिसिसला नंदुरबारला न्यायचा. ऐन विशीत पोरीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. एका सकाळी त्यानं चावी फिरवली आणि गाडीनं हूं की चूं केलं नाही. मेंदू जळाला होता.

दोन खेपा शेजारच्या अकीलनं आपल्या गाडीतून नेलं, पण दुकान सोडून दरवेळी येणं त्याला जमेना. मग त्याच्या बायकोनं, सुरैय्यानं, पोरीला प्रवासी जीपमध्ये बसवलं. त्या गर्दीत ती आईच्या मांडीवर बेशुद्ध पडली. दवाखान्यात पोहोचली, वाचली. पण पुन्हा असं आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

इद्रिसनं शहाद्याचं भंगार पालथं घातलं, नंदुरबारचं घातलं, गुजरातमध्येही जाऊन आला. सगळीकडं सवेरा होत्या, पण एक डबी येण्याआधीची, दुसरी मेंदू बदलल्यानंतरची. जन्मभर ज्या गाडीवर पोट भरलं, तिच्यापुढं तो हात टेकून बसला. रात्री पोरीचा श्वास ऐकत पडून राहायचा.

शेवटी एका भंगारवाल्यानं सांगितलं, खापरला दोधू पाटलांच्या अंगणात तशीच सवेरा उभी आहे. त्यांचा मुलगा अजित काविळीनं गेला, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही.

इद्रिस मोटरसायकलवर बॅटरी बांधून गेला. अंगणातल्या गाडीवर ताडपत्री होती. त्यानं सगळं सांगितलं. नुसती डबी नाही, तिच्यासोबत अजितची चावीही लागेल, हेही सांगितलं. दोधू पाटील खाली बघत म्हणाले, “ती गाडी उघडानी नही. अजितनी शे ती.”

इद्रिस तरीही उठला नाही. दाराशी उभ्या अजितच्या आईनं, सिंधुबाईंनी, विचारलं, “तुन्ही पोर कितली मोठी शे?”

“वीस वरीसनी, माय.”

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा चावी मुठीत होती. म्हणाल्या, “ली जाय. पन काढाना पहिले एकदाव चालू कर.”

इद्रिसनं बॅटरी लावली, पेट्रोल घातलं. चार वेळा गाडी नुसती कण्हली, मग धडधडली. सिंधुबाई बॉनेटवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. दोधू पाटील उठून शेताकडं निघून गेले. सिंधुबाईंचा हात बाजूला होईपर्यंत इद्रिसनं इंजिन बंद केलं नाही. डबी काढताना त्याला आपण कुणाचं तरी काळीज काढतोय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सदफ वेळेवर नंदुरबारला पोहोचली. सुया टोचल्यावर तिला डोळा लागला. इद्रिस मात्र बाहेर गाडीत बसून राहिला. ही डबी गेली तर तिसरी कुठं मिळणार, हे त्याला माहीत नव्हतं. इंजिन बंद करायलाही त्याचा हात धजत नव्हता.