पिशवीखालचा कागद

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे म्हशीची धार. त्या संध्याकाळी माझी बायको गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसली होती आणि मी तिचं जुनं लुगडं डोक्यावरनं पांघरून म्हशीखाली बसलो होतो. हसायचं असेल तर हसा. आमची म्हैस बाईमाणसाच्या हाताची. लुगड्याचा वास आणि हिचा आवाज, दोन्ही असल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. हिला गोठ्यात पाय ठेवायची बंदी. म्हणून धार माझ्याकडं आणि बोलणं तिच्याकडं.

"बाय माझी, सोड गं," ती म्हशीला सांगत होती. "ह्येंचा हात हमालाचा हाय. पोतं वडल्यागत वडत्यात. तू मनाला लावून घिऊ नगंस."

"मग ये की तूच आत."

"येत्ये की. सिस्टर तुमाला फाडून खाईल मग."

चरवी भरली. उठताना तिनं पोटाला हात लावला. मी बघितलं, पण विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा. मुंबईला शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी तिच्या पोटात नळी बसवली. बेंबीच्या बाजूला वीतभर नळी बाहेर. तिच्यातनं औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग खाली पिशवीत उतरवायचं. अंगातली घाण त्या पाण्याबरोबर बाहेर पडते म्हणे. दिवसातनं चारदा, घरात, आमच्याच हातानं. गल्लीत असलं कुणी ऐकलं नव्हतं. बायका यायच्या आणि पोटाकडं बघत बसायच्या.

मी गुळाच्या बाजारात हमाली केलेला माणूस. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलून हाताला भेगा पडलेल्या, त्यात काळं बसलेलं. दवाखान्यातल्या सिस्टरनं माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "मामा, कोपरापर्यंत साबण. नखात ब्रश. तोंडाला फडकं. दार-खिडकी लावायची, पंखा बंद. मामींनी गोठ्यात जायचं नाही. आणि नळीच्या टोकाला बोट लागलं तर संपलं."

संपलं, हे तिनं सहज म्हटलं. मला ते जेवताना ऐकू यायचं, रस्त्यानं चालताना ऐकू यायचं. तोफेला भ्यालो नसतो एवढा त्या नळीच्या टोकाला भ्यायचो.

अडचणी तर रोजच्या. एकदा पाणी आत गेलं आणि बाहेर येईना. पिशवी खाली जमिनीवर, नळीत थेंब नाही. आत गेलेलं आतच राहिलं तर बाई फुगून मरणार, एवढंच मला सुचत होतं. तीच म्हणाली, "थांबा वाईच, बोंबलू नगा." सिस्टरनं सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं. आधी नळी कुठं मुडपली का बघायची. मग कुशीवर वळायचं, उठून चार पावलं चालायचं. तरी नाही आलं तर पोट साफ झालंय का बघायचं. नळी तिच्याच मांडीखाली दबली होती. ती उचलली आणि पाणी आलं. मी भिंतीला टेकून बसलो, तर ही हसते. "दोन दिस परसाकडं झालं न्हाई तरबी पानी अडतंय म्हनं. आता त्येबी तुमीच बघा."

कधी पाणी गार राहायचं आणि पोटात कळ यायची. मग पिशवी तशीच सीलबंद उन्हात ठेवायची, पाण्यात बुडवायची नाही. कधी नळीत हवा जायची आणि खांदा दुखायचा. पोटात हवा आणि दुखतो खांदा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कधी पाण्यात सायीसारखे पांढरे धागे दिसायचे. दर वेळी मला वाटायचं, झालं, आलं मरण. पण सिस्टर म्हणाली होती की धाग्यांना एवढं भ्यायचं नाही, फक्त कळवायचं. भ्यायचं ते गढूळ पाण्याला. पाणी गढूळ म्हणजे पोटात पू. तसं झालं तर वाट बघायची नाही, ती पिशवी घेऊन दवाखान्यात यायचं.

गढूळ कसं ओळखायचं? भरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. आरपार अक्षरं वाचता आली तर पाणी चांगलं.

आता मी शिकलो दुसरीपर्यंत. कुस्त्यांच्या मैदानाची एक जाहिरात होती, ती मला अडखळत वाचता यायची. तीच रोज पिशवीखाली घालायचो. एके दिवशी मी धडाधड वाचून दाखवलं तशी ही म्हणाली, "अवं, वाचताय का पाठ म्हनताय?"

"वाचतोय की."

"डोळं तर माज्याकडं हायत!"

मी चपापलो. खरंच पाठ झाली होती. पाणी दुधासारखं असतं तरी मी धडाधड म्हणालो असतो. त्या दिवसापासनं कागद ती द्यायची. वाण्याकडनं डाळ-साखर बांधून आलेल्या पुडीचा, दर वेळी नवा. ती अंगठेबहाद्दर, बऱ्याचदा कागद उलटा ठेवायची. कुणाचं लग्न, कुठला खटला, कुठं पाऊस, मी एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचायचो आणि ती ऐकायची. "म्होरं काय झालं?" असं विचारायची. पुढं कागद फाटलेला असायचा. आज जे काही लिहितोय ते त्या पिशव्यांखाली शिकलोय.

त्या संध्याकाळी धार काढून मी कोपरापर्यंत हात धुतले, दार लावलं, पाणी उतरवलं. ती म्हणाली, "दुपारधरनं पोट दुखतंय, पन शिळ्या आमटीनं आसल." मी पिशवी कागदावर ठेवली.

अक्षरं नव्हती.

पातळ ताक असतं तसं पाणी. मी पिशवी खिडकीकडं नेली, दिव्याकडं नेली. डोळे पुसले.

"वाचा की," ती म्हणाली.

मी पिशवी परत कागदावर ठेवली, परत उचलली.

"मग लुगडं द्या बदलायला," ती म्हणाली. "ह्या लुगड्यावर न्हाई जायाची मी दवाखान्यात." तिचा हात चटका बसंल असा तापला होता. पिशवी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो. तो कागद घरातच पडला. त्यावर काय छापलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

दवाखान्यात त्यांनी पाण्यातनं औषध दिलं, शिरेतनं दिलं. पोट लाकडागत झालं होतं. शुद्धीत असली की एकच विचारायची, "म्हस कोन पिळतंय?"

"शेजारची वैनी."

"सोडायची न्हाई तिला. नाटकी हाय ती."

तेवढ्यातही हसली. पुढं बोलणं तुटलं, आणि मग ती गेली. मी डॉक्टरांना विचारलं, कशानं झालं? ते म्हणाले, "मामा, हवेतनं होतं, हातातनं होतं, कशानं ते सांगता येत नाही." मी हात मागं घेतले.

तिला अग्नी देऊन पंचगंगेवरनं परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस हंबरायला लागली. शेजारची वैनी दोनदा बसून उठली होती. कास दगडासारखी, सडाला हात लावू देईना. माणसं म्हणाली, इकून टाका. मी खुंटीवरचं लुगडं घेतलं आणि सगळ्यांदेखत पांघरून बसलो. तरी ती सोडेना. उंबऱ्याकडं मान वळवून बघत राहिली. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

मग मीच म्हणालो, "बाय माझी, सोड गं. ह्येंचा हात हमालाचा हाय."

पहिली धार चरवीत वाजली.

धार संपल्यावर मी मोरीत गेलो. साबण घेतला, आणि कोपरापर्यंत हात धुतले, नखात ब्रश घालून.