भोयर सरांचा पापुद्रा

भोयर सर प्रयोगशाळेत शिरले की आधी डावा हात हवेत धरून उभे राहायचे. नागपूरला शिकत असताना एका लिथियम बॅटरीतला द्रव पेटला होता आणि त्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली होती. तिथली कातडी खाजली की म्हणायचे, "आज हवा ओली हाय. काई ओतू नोको."

मूल गावातल्या त्या कॉलेजात मी परिचर होतो. बॅटरीतल्या पेटत्या द्रवाच्या जागी बसेल असा प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा ओतून करायचा, त्यातून लिथियम वाहू द्यायचं, एवढंच सरांचं वेड. पण थंडीत लिथियम त्यातून हलायलाच तयार नसे. आठ वर्षं पीएचडी रखडली. प्राचार्य टोमणे मारायचे, घरी बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, बोलायच्या. सर म्हणायचे, "माह्यासारखा दुसऱ्याचा हात नाई जळाले पायजे. बस."

पापुद्र्याचा वैरी ओलावा. पाणी शिरलं की लिथियम किती वाहतं त्याचा आकडा झकास येतो, पण ती पाण्याची करामत. "ओला पापुद्रा खोटं बोलते, रामदास," सर मला बजावायचे. म्हणून तो बंद काचपात्रात निळ्या दाण्यांवर ठेवायचा. दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की हीटरवर भाजून पुन्हा निळे करायचे. हे काम माझं.

त्या वर्षी पोळ्याला चार दिवस वीज नव्हती. दाणे चुलीवरही भाजता आले असते, पण घरी पाहुणे होते आणि मी आळस केला. वीज आल्यावर सर यायच्या आत घाईघाईने भाजले. दाणे निळे झाले, पापुद्रा ओलाच राहिला. सरांनी मोजला तर आकडा कधी नव्हे एवढा वर. त्यांनी मला मिठी मारली. प्रबंध नागपूरला गेला. मी भेकड माणूस, माझी जीभ उचललीच नाही.

डिसेंबरात त्यांनी तसाच पापुद्रा नव्याने करून तीनदा मोजला. आकडा पार तळाला. त्यांनी प्रबंध परत मागवायला पत्र लिहायला घेतलं.

"जाऊ द्या ना सर, कोणाले समजते?" मी म्हणालो.

"मले समजलं ना," ते म्हणाले आणि लिहीत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात काविळीने त्यांना आडवं पाडलं. दवाखान्यात गेलो तर माझा हात धरून म्हणाले, "म्याच कुठीतरी घाई केली असन. दाण्यांवर तू होतास म्हणून तेवढं काम तरी धड झालं."

सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाई पेज घेऊन आल्या, आणि मी वाटी धरायला उठलो. दुसऱ्या दिवशी सर गेले.