ओरेस्टला कुणी दंड करेना

बर्च लँडिंग गावच्या सेवा क्लबात अध्यक्ष दर वर्षी बदलतो, खजिनदार कंटाळला की बदलतो, पण दंड वसूल करणारा माणूस गेली कित्येक वर्षं एकच. ओरेस्ट दुत्का. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, अंगाने आडवा आणि बोलण्यात त्याहून आडवा. हे पद त्याला कुणी दिलं ते कुणाला आठवत नाही, आणि काढून घ्यायची कुणाची छाती नाही.

काम असं. एकाआड एक गुरुवारी गावच्या बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकच्या माडीवर क्लबाचं जेवण असतं. जेवणाअखेरचा ‘पाय’ हा गोड पदार्थ उडवायची वेळ आली की ओरेस्ट कॉफीचा रिकामा डबा खुळखुळवत टेबलांमधून फिरतो आणि गुन्हे शोधतो. छातीवर क्लबाचा बिल्ला नाही, एक डॉलर. नवी गाडी घेतली आणि आधी क्लबात सांगितलं नाही, दोन डॉलर. पेपरात फोटो आला, एक डॉलर. फोटो खऱ्या चेहऱ्यापेक्षा बरा आला, तर दोन. एकदा पाहुणे आलेल्या पाद्रीबाबांनाही त्याने सोडलं नाही. प्रार्थना लांबवली आणि रस्सा गार झाला, एवढाच त्यांचा गुन्हा.

आता क्लबाची खरी कामं म्हणजे जुने चष्मे गोळा करणं, गरजू पोरांना स्केट घेऊन देणं, गावात कुणाचा पाय मोडला की संध्याकाळच्या आत त्याच्या दारात कुबड्या पोचवणं. त्याला लागणारा पैसा शरद ऋतूतल्या तिकीट लावलेल्या कोंबडीच्या जेवणातून येतो. ओरेस्टच्या डब्यातून फार तर चष्म्यांच्या खोक्यांचा टपालखर्च सुटत असेल. पण डबा नसता, तर अर्धा गाव त्या माडीचा जिना चढलाच नसता.

कुणाला कुठे चिमटा काढायचा, याचं ओरेस्टला उपजत भान. एका वर्षी गारपिटीने हँक फ्रीझनचा उभा गहू झोपवला. त्या गुरुवारी हँक मान खाली घालून बसलेला. ओरेस्ट डबा घेऊन थेट त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "परवानगी न घेता गावात एवढा बर्फ आणलास. दोन डॉलर." हँकने त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि मग तो असा हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून हँक त्याचा जिवलग.

या सगळ्या दरबाराला चाप होता तो एकाच व्यक्तीचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरेस्टची बायको नेटी ओरडायची, "पुरे कर रे, कॉफीचं पाणी झालं." मग न्यायालयाचा अवमान म्हणून तिला दंड व्हायचा, आणि ती नाण्याऐवजी बटाटा भरलेली, करंजीसारखी गरम पेरोगी डब्यात टाकायची. पुढे दोन दिवस डब्याला परतलेल्या कांद्याचा वास यायचा.

जानेवारीत नेटी गेली. धडधाकट बाई, आठवडाभरात होत्याचं नव्हतं झालं. क्लबाने काही कमी केलं नाही. अंत्यविधीनंतरचं जेवण त्यांनीच रांधलं, ओरेस्टच्या दारातला बर्फ हँकच उपसायचा, आणि शेजारणींनी आणून दिलेल्या भांड्यांनी त्याचा फ्रिज इतका भरला की दूध ठेवायला जागा उरली नाही.

मार्चमध्ये तो पुन्हा माडी चढून आला. डबा फळीवर पालथा पडलेला होता. अध्यक्ष मार्जरी टफर्ड, सगळं आयुष्य पोस्टात काढलेली आणि मनाने लोण्याहून मऊ, त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "यंदा दंडबिंड काही नाही हं, ओरेस्ट. तू नुसता बस. तुझी हीटरजवळची खुर्ची राखून ठेवली आहे."

तो बसला. तो आला की गप्पा हळू व्हायच्या. कुणीतरी म्हणालं, "पेरोगी मात्र नेट..." आणि जीभ चावून बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. घरात शांतता होती म्हणून तो इथे यायचा, आणि इथे त्याला तीच शांतता ताटात वाढून मिळत होती.

मग त्याने मुद्दाम गुन्हे करायला सुरुवात केली. बिल्ला घरी ठेवून आला. कुणी बोललं नाही. जेवण अर्धं झाल्यावर उगवला, तर मार्जरीने त्याचं ताट गरम करून आणलं. राष्ट्रगीत चालू असताना त्याचा फोन वाजला, तेव्हा हँकने फक्त त्याच्या पाठीवर हलकेच थोपटलं. त्या थोपटण्याने ओरेस्टला भरून आलं, आणि रागही आला. एके काळी याच हँकने त्याच्या फोनबद्दल फासाची शिक्षा मागितली असती.

कॅल्गरीहून मुलगी लॅरिसा दर रविवारी फोन करायची. "बाबा, खालची खोली रंगवून ठेवलीय. या ना इकडे कायमचे. तिथे आता कोण आहे तुमचं?" एप्रिलपर्यंत ओरेस्ट विषय टाळत होता. मे महिन्यात तो म्हणाला, "बरं." घर विकायचं ठरलं. मार्जरीला त्याने एवढंच सांगितलं की येत्या गुरुवारी जेवणानंतर मला दोन शब्द बोलायचे आहेत. पोस्टातली बाई ती. ओरेस्ट निरोप घेणार, हे दुपारपर्यंत गावभर झालं.

त्या गुरुवारी तो एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात तपकिरी बूट घालून आला. मुद्दाम की चुकून, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

ताटांतला गोड ‘पाय’ संपत आला तेव्हा खुळखुळाट ऐकू आला. ओरेस्टने दचकून मान वर केली. डबा रोवेना मगबानुआच्या हातात होता. रोवेना मूळची फिलिपिन्सची, इथल्या वृद्धाश्रमात काम करते आणि क्लबात सगळ्यांत नवी. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं तिच्या तोंडाला अजून जमत नाही. मागच्या शरद ऋतूत ती पहिल्यांदा आली, तेव्हा सगळे तिच्याशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे सावकाश आणि मोठ्याने बोलत होते. ओरेस्टने तिला हिवाळ्याच्या तोंडावर इथे राहायला येण्याच्या मूर्खपणाबद्दल एक डॉलर दंड केला होता.

"अगं, नको," मार्जरी कुजबुजली. "त्याला लागेल."

"ओरेस्टकाका, उभे राहा," रोवेना म्हणाली. "बिल्ला?"

"घरी."

"एक डॉलर. आणि हे बूट?"

"एक काळा, एक तपकिरी."

"दोन पाय, दोन डॉलर." कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. रोवेनाने डबा छातीशी धरला. "आता मोठा गुन्हा. तो सगळ्यांवर आहे, माझ्यावरसुद्धा. जानेवारीपासून या माडीवर नेटीकाकूंचं नाव कुणी घेतलेलं नाही. प्रत्येकी दोन डॉलर. ज्याला माफी हवी असेल त्याने त्यांच्याबद्दल काहीतरी खरं सांगायचं. चांगलंच हवं असं नाही."

ओरेस्टचे कान तापले. जिना चार पावलांवर होता, उतरून जावं असं त्याला वाटलं. तेवढ्यात हँक घसा खाकरून उठला.

"नेटी बिंगोत लबाडी करायची."

"साफ खोटं," ओरेस्ट ताडकन म्हणाला.

"माझ्या शेजारी बसून करायची. मी बघायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"पेरोगी बंद झाल्या असत्या, बाबा."

हशा पिकला. मार्जरीने डोळ्यांना रुमाल लावला. "मी अध्यक्ष झाले त्या दिवशी खिडकीतून म्हणाली, मार्जरी, आटप, भाषणाने पोट भरत नाही. तेव्हापासून मी थोडक्यात बोलते."

"थोडक्यात?" तीन-चार जण एकदम म्हणाले.

रोवेना खालच्या आवाजात म्हणाली, "मला बटाटे जात नाहीत. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या माझ्यासाठी मागच्या शेगडीवर वाटीभर भात ठेवायच्या. कुणाला कळू न देता."

हे ओरेस्टलाही ठाऊक नव्हतं. तो हसत होता, आणि हसता हसता कधी रडायला लागला ते त्याला कळलं नाही. त्याने डोळे पुसले नाहीत, आणि कुणी पाण्याचा पेलाही पुढे केला नाही. हे बरं झालं.

"ओरेस्ट," मार्जरी जरा वेळाने म्हणाली, "तुला दोन शब्द बोलायचे होते ना?"

तो उभाच होता. घरून जुळवून आणलेली वाक्यं पार विसरली होती.

"नेटी गेली," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत हे शब्द त्याने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले. "घर खायला उठतं. ते मी सोसलं असतं. पण तुम्ही सगळे माझ्याशी इतके गोड वागायला लागलात, की मला वाटलं, तिच्याबरोबर मीही गेलो."

मार्जरीचा चेहरा पांढरा पडला. हँकने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

"मेलेल्या माणसाकडून वसुली होत नाही," तो म्हणाला. "रोवेना, डबा पुढे कर."

ओरेस्टने खिसे चाचपले आणि पाच डॉलरची नोट डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याने रविवारची वाट न बघता लॅरिसाला फोन लावला. घर विकत नाही, जुलैत येईन म्हणाला, नातवंडांना भेटायला, दहा दिवस. खोली पाहुण्यांसाठी राहू दे. आणि परतीचं तिकीट गुरुवारच्या आतलं काढ, इथे माझ्यावर खटले चालू आहेत.