माठाजवळची हजेरी

"मास्तर, डोळं हायती का बटनं?" घागर दाणकन आपटून मावशी विचारायच्या. माझ्या सदऱ्याला शाई लागलेली असो, नाहीतर पुढ्यातलं पोर तापाने फणफणलेलं मला दिसलेलं नसो, प्रश्न हाच.

मावशी आमच्या शाळेत पाणी भरायच्या. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतली इंद्रायणीकाठची ही शाळा. बाई अंगठाबहाद्दर, पण कोणतं पोर उपाशी आलंय, कोणतं मार खाऊन आलंय, हे त्यांना पाण्याचा पेला हातात देतानाच कळायचं. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. आम्ही शिकलेले मास्तर मात्र पाढे तपासत बसायचो.

माझ्या वर्गातल्या ठकीची आई तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत पडून गेली. तेव्हापासून ती सात वर्षांची पोर अवाक्षर बोलेना. गावाने 'बाधा झाली' म्हणत तिच्या कपाळावर बिब्ब्याचे डाग दिले. मनाला धक्का बसलाय, हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. आणि आम्ही? हेडमास्तरांचा नियम होता, 'हजर' म्हणेल तोच हजर. ठकी रोज समोर बसायची आणि मी, हो, मीच, रोज तिची गैरहजेरी मांडायचो. आठवलं की अजून अंगाची लाही होते.

मावशींनी तिला माठाजवळ बसवून घेतलं. "घाई न्हाई बाय. आलीस, येवढं बास हाय," म्हणायच्या. पंधरा दिवसांनी मी तिचं नाव पुकारलं, आणि ठकीने पेला माठाच्या पितळी झाकणावर ठोकला. टक.

"ऐकलंत का? हजर हाय ती!" मावशी हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

हेडमास्तर दारातून गरजले, "ही काय तमाशाची ढोलकी आहे? महिनाभर गैरहजर आहे ती. नाव कमी करा!"

मी टाक उचलला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि अख्खी घागर हजेरीपटावर ओतली. शाई टेबलावरून खाली वाहू लागली.

"घ्या! आता समदीच गैरहजर!"

त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. मी तोंडातून ब्र काढला नाही. मला बोलता येत होतं, तरी!

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सांगितली तेवढीच नावं मी नव्या पटावर लिहिली. शेवटचं नाव पुकारून झालं. कोरड्या माठाजवळून आवाज आला. टक. मग पुन्हा, जरा जोरात.

मी मान वर केली नाही. पट मिटून टाकला.