देवभाषेतलं भजन आणि मुकी पेटी

हा किस्सा शंभर टक्के खरा आहे, देवाशप्पथ! बरं, नव्वद धरा. मी सांगतोय म्हटल्यावर ऐंशीसुद्धा चालतील. पण माझी फजिती झाली, ती मात्र पुरेपूर!

विट्याजवळच्या आमच्या गावात दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन असतं. पेटी माझ्याकडे, गाणं माझ्याकडे, म्हणजे रुबाबही माझाच! पण पेटीतले गंधार, पंचम आणि निषाद पार मुके झाले होते. मिरजेला दुरुस्तीला नेतो, नेतो म्हणत मी वर्ष घालवलं. शेवटी फौजेच्या बँडातून निवृत्त झालेले आमचे सुभेदार म्हणाले, "तुला जमत न्हाई तर पेटी मला दे की, गड्या!"

पेटी द्यायची? त्यापेक्षा कान कापून दिला असता!

"सूर मुके न्हाईत, सुभेदार. वर्ज्य हायत. मी नवा राग बांधलाय, चार सुरांचा."

"रागाला पाच तरी सूर लागत्यात रं."

"म्हणून तर नवा!"

"आन् शब्द?" आक्कांनी विचारलं. आक्का म्हणजे टाळकऱ्यांच्या म्होरक्या. वय पंच्याहत्तर, अक्षरओळख शून्य, पाठांतर असं की पोथीनं लाजावं.

शब्द कुठले आणू? "देवभाषेत हायत, आक्का. ध्यानात उतरल्यात," असं म्हणून डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते सोडत अख्खं भजन रचलं. "झिंबरू लेला सानुमा, तोविरी वेला रानुमा!"

आता आमची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्यानं ओळ सोडली की मागच्यांनी उचलायची. अर्थ विचारत बसलं तर टाळ चुकतो! वीस जणांनी झिंबरू असं उचललं की देवळाची घंटा आपोआप वाजली. जतकडच्या एका पाहुण्यानं "ही कानडी न्हवं" अशी ग्वाहीही दिली. झालं! म्हणजे देवाचीच!

लगेच शेजारच्या गावाचं बोलावणं आलं. त्यांच्या देवळाचा वर्धापनदिन. आमच्या भजनी मंडळानं ठरवलं, तिथं भजन रंगलं तर पेटी कायमची माझी, न्हाईतर सुभेदारांची.

त्या दिवशी पेटीपुढं बसलो आणि घाम फुटला. गुरुवारचे शब्द आठवेनात! अहो, असलं लिहून ठेवतो कोण? पण भ्यायचं कशाला? भाषेचा मालक मीच की! सोडली दुसरी ओळ. "गुंबिला हारे टोमना!"

मागून खणखणीत उत्तर आलं, "झिंबरू लेला सानुमा!"

आक्का! आणि त्यांच्यामागं वीसच्या वीस टाळकरी. मी एक म्हणतोय, ते भलतंच. गडबडीत बोट गंधारावर पडलं, आणि वर्षभर मुका असलेला गंधार बैलासारखा हंबरला! सुभेदारांनी पेटी देवळातून गुपचूप नेऊन दुरुस्त करून आणली होती. का? तर माझ्या मोठ्या दिवशी मला आनंद व्हावा म्हणून!

"आरं, ह्यो वर्ज्य हाय न्हवं?" सुभेदार काळजीनं म्हणाले.

तेवढ्यात आक्का माझ्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळू, देवानं सांगितल्यालं इसरू नये रं. तुला येत न्हाई तर मागं बस. मी म्हणते."

आणि म्हटलं की हो त्यांनी! अख्खं, एक अक्षर न चुकता. लोक डोळे पुसत होते.

आता पेटी सुभेदारांकडे, गाणं आक्कांकडे. मी मागच्या रांगेत टाळ घेऊन बसतो. परवा माझ्याच भजनाची तिसरी ओळ चुकलो, तर आक्कांनी सगळ्यांदेखत पाचदा म्हणायला लावली.

आता ह्यात रचलेलं काय, तेही कबूल करून टाकतो. आक्का कानात हळूच म्हणाल्या, ते साफ खोटं. त्यांच्या हातात माईक होता.